कशापेक्षा किती?

सोनईत प्रेशर गेज दोन ठिकाणी हमखास दिसतं. एक साखर कारखान्याच्या बॉयलरवर आणि दुसरं उसाच्या ठिबकच्या फिल्टरवर. आज मला तिसऱ्याच जागेबद्दल लिहायचंय, जी सोनईच्या शिवारात कुठेच सापडणार नाही: टर्बोचार्जर असलेल्या छोट्या विमानाच्या इंजिनावर बसवायचं इंधनाच्या दाबाचं गेज. विषय वाचून लगेच पान बंद करू नका. गणित पाचवीच्या पुढचं नाही, आणि शेवटी गाडी आपल्या रोजच्या ऑफिसातल्या स्क्रीनपाशीच येणार आहे.

झालंय असं, की शाळेतला माझा एक वर्गमित्र (सोनईचाच, पण बरीच वर्षं अमेरिकेत) तिकडे घराच्या गॅरेजमध्ये दोन सीटचं किट विमान बांधतोय. तिकडे ते कायदेशीर आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल, तर विमानाची नोंद 'एक्सपेरिमेंटल' वर्गात होते आणि पॅनलवर कुठला काटा कुठे लावायचा हे बरंचसं त्याचं तोच ठरवतो. आमच्या वैमानिकरावांनी इंजिन घेतलंय रोटॅक्स 914. ऑस्ट्रियात बनणारं, चार सिलिंडरचं, टर्बोवालं. उड्डाणाच्या वेळी पाच मिनिटांपुरते 115 हॉर्सपॉवर, एरवी सलग चालवायला 100.

सगळं पॅनल झालं, राहिलं इंधनाच्या दाबाचं गेज. साहेबांनी 0 ते 1 बारचं साधं गेज मागवलं, त्यावर हिरवा पट्टा रंगवायचा आणि लावून टाकायचं असा बेत. मी म्हटलं, हे लावू नको. तेव्हापासून दर शनिवारी आमचं फोनवर भांडण चालू आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. टर्बो इंजिनावर साधं गेज लावणं हे गेज न लावण्यापेक्षा वाईट आहे. गेज नसेल तर माणसाला निदान माहीत असतं की आपल्याला काही माहीत नाही.

आता का ते सांगतो. त्यासाठी आधी कारखान्यावर चला.

बॉयलरमध्ये वाफेचा दाब समजा 40 किलो आहे. ('किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढे किलो, पण असं पूर्ण कोणी म्हणत नाही.) त्यात पाणी घालायचं तर फीड पंपाचा दाब 40 पेक्षा जास्त हवा. 45 किलो देणारा पंप झकास काम करेल. पण बॉयलरचा दाब 50 वर नेला, तर तोच पंप, तेच 45 किलो, आणि पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही. म्हणजे पंप 45 देतोय या वाक्याला एकट्याला काही अर्थच नाही. समोर जो दाब उभा आहे त्यापेक्षा पंप किती जास्त देतो, एवढंच बघायचं असतं.

टर्बो इंजिनाचं अगदी हेच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून एका डब्यात भरतं. हा डबा म्हणजे एअरबॉक्स. तिथून हवा कार्ब्युरेटरमधून सिलिंडरमध्ये जाते. कार्ब्युरेटरला पेट्रोलची एक छोटी वाटी असते. साध्या इंजिनात ती वाटी बाहेरच्या हवेला उघडी असते, त्यामुळे पेट्रोल थोड्याशा दाबानेही वाटीत येतं. 914 मध्ये मात्र कार्ब्युरेटर टर्बोच्या पुढे बसलेला आहे, म्हणून वाटीवरसुद्धा एअरबॉक्सचाच दाब असतो. पेट्रोलला आत शिरायचं तर त्या दाबापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. वाटी म्हणजे आपला बॉयलर, पेट्रोलचा पंप म्हणजे फीड पंप.

म्हणून रोटॅक्सच्या मॅन्युअलमध्ये इंधनाचा दाब नुसत्या आकड्यात लिहिलेलाच नाही. तिथे लिहिलंय: एअरबॉक्सचा दाब अधिक 0.25 बार. कमीत कमी अधिक 0.15, जास्तीत जास्त अधिक 0.35. (बार म्हणजे आपल्या ठिबकवाल्यांचा जवळजवळ एक किलो.) हा फरक सांभाळायला एक रेग्युलेटर असतो. त्याला एअरबॉक्सवरून एक नळी येते. एअरबॉक्सचा दाब वाढला की तो त्याच मापाने पेट्रोलचा दाब वाढवतो आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत पाठवतो.

आता साधं गेज काय दाखवतं? कुठलंही साधं गेज त्याच्या आजूबाजूच्या हवेशी तुलना करतं. 1849 मध्ये बुर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने चपट्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, आतला दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. आजही बहुतेक यांत्रिक गेज त्याच नळीवर चालतात. नळीच्या आत पेट्रोल, बाहेर हवा. म्हणजे डायलवरचं शून्य म्हणजे 'आजूबाजूच्या हवेइतकं'. हे शून्य कोणी डायलवर लिहीत नाही, कारण जमिनीवर राहणाऱ्या माणसाला ते लिहायची गरज पडत नाही.

चला, हिशोब करू. समजा विमान समुद्रसपाटीला उभं आहे. हवेचा दाब 1 बार धरा. इंजिन मंद चालू, टर्बो जेमतेम फिरतोय, एअरबॉक्समध्येही साधारण 1 बारच. पेट्रोलचा दाब त्याच्यावर 0.25. साधं गेज दाखवेल 0.25. उत्तम.

आता पूर्ण थ्रॉटल. एअरबॉक्स गेला 1.35 वर. पेट्रोलला हवेत 1.60. साधं गेज बाहेरच्या हवेपासून मोजतं, म्हणून ते दाखवेल 0.60. हेही उत्तम. म्हणजे 0.25 पण ठीक आणि 0.60 पण ठीक. मग हिरवा पट्टा कुठून कुठपर्यंत रंगवायचा? मित्र म्हणाला, 0.15 पासून 0.70 पर्यंत.

बरं. मग गेजवर 0.40 दिसलं तर? पट्ट्याच्या बरोबर मध्ये, छान हिरवंगार. इंजिन मंद चालू असताना 0.40 म्हणजे एअरबॉक्सपेक्षा 0.40 जास्त, कमाल मर्यादेच्या वर. वाटी भरून वाहू शकते, आणि शेजारी टर्बो तापून लाल झालेला असतो. पूर्ण थ्रॉटलवर तेच 0.40 म्हणजे एअरबॉक्सपेक्षा फक्त 0.05 जास्त, किमान मर्यादेच्या एक तृतीयांश. पेट्रोल पुरत नाही, मिश्रण पातळ होतं, इंजिनाची ताकद जाते. आणि हे कधी होतं? चाकं नुकतीच जमिनीवरून सुटलेली असताना. विमानाला पुढची धावपट्टी संपलेली असते आणि वळून मागे यायला उंची नसते.

एकच काटा, एकच जागा, दोन उलट दुखणी. आणि दोन्ही वेळी काटा म्हणतो, सगळं ठीक आहे.

उंचीवर तर आणखी मजा. 10,000 फुटांवर हवेचा दाब राहतो साधारण 0.70 बार. टर्बो लावतात तो याचसाठी, की बाहेरची हवा विरळ झाली तरी एअरबॉक्स 1.20 च्या आसपास टिकून राहावा. तिथे पेट्रोल हवं 1.45, म्हणजे साधं गेज दाखवणार 0.75. आमच्या मित्राचा हिरवा पट्टा 0.70 ला संपतो. इंजिन अगदी निरोगी आणि काटा पट्ट्याच्या बाहेर! आणि तिथेच गेज 0.50 दाखवत असेल तर फरक उरला शून्य. खाली उड्डाणाच्या वेळी हाच 0.50 निदान किमान मर्यादेवर तरी होता.

मला म्हणाला, "अरे, तू सॉफ्टवेअरवाला, विमानातलं तुला काय कळतं?" बरोबर आहे, विमान मला उडवता येत नाही. पण हा प्रश्न विमानाचा नाहीच. वजाबाकीचा आहे.

आता त्याची बाजू. तो काही बिनडोक माणूस नाही, त्याचे तिन्ही मुद्दे विचार करण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा: "मला फक्त पंप चालू आहे की नाही एवढंच बघायचंय." ठीक. मग दिवा लाव. फरक 0.15 च्या खाली गेला की पेटणारा प्रेशर स्विच मिळतो, तो लाव. डायल आणि आकडे लावलेस की माणूस आकडे वाचणारच. तू वाचशील, उद्या विमान विकलंस तर पुढचा वाचेल, आणि त्याला तुझ्या मनात काय होतं ते माहीत नसेल.

दुसरा मुद्दा: "शेजारीच मॅनिफोल्ड प्रेशरचं गेज आहे, मी डोक्यात वजा करीन." आता बघा काय वजा करायचंय. मॅनिफोल्डचं गेज पाऱ्याच्या इंचात, इंधनाचं बारमध्ये. मॅनिफोल्डचं गेज निर्वातापासून मोजतं, इंधनाचं बाहेरच्या हवेपासून. म्हणजे आधी इंचाचे बार करायचे, मग त्यातून आत्ताचा हवेचा दाब काढायचा (तो आकडा पॅनलवर सरळ कुठे नाहीच, उंचीवरून काढा), आणि मग उरलं ते इंधनाच्या आकड्यातून वजा करायचं. हे सगळं उड्डाणाच्या वेळी, एक डोळा धावपट्टीवर आणि एक वेगावर असताना. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या माणसानेही हे करू नये.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार: "फरक मोजणाऱ्या गेजला दोन नळ्या लागतात. दोन नळ्या म्हणजे गळायला दुप्पट जागा. विमानात जितके जोड कमी तितकं बरं." इथे मी गप्प झालो होतो, कारण हे खरंच आहे. पेट्रोलची नळी पॅनलपर्यंत, म्हणजे मांडीवर आणणं हा मूर्खपणा होईल. पण त्यावर उत्तर आहे, आणि ते नवीन नाही. पेट्रोल कॉकपिटमध्ये आणायचंच नाही. सेन्सर इंजिनच्या बाजूलाच ठेवायचा, आत फक्त वायर न्यायची. सेन्सर इंजिनावर कसायचा नाही, कारण थरथरीने पितळी जोड तडकतो. तो बसवायचा फायरवॉलवर. (ही खरी फायरवॉल, पोलादी पत्र्याची, आपल्या नेटवर्कमधली नव्हे.) मध्ये लवचीक नळी आणि तिच्यावर आग सोसणारं आवरण. आणि जिथे पेट्रोलच्या मुख्य नळीतून फांदी काढली, तिथेच बारीक भोकाचा जोड, म्हणजे रिस्ट्रिक्टर. पुढची नळी तुटली तरी धार न लागता फक्त ठिबकेल. दाब मोजायला पेट्रोल वाहावं लागत नाही, त्यामुळे भोक बारीक असल्याने आकडा बिघडत नाही. जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही, तिचा तुकडा सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. मग पंप लावून, इंजिन बंद ठेवून, प्रत्येक जोड हाताने आणि नाकाने तपासायचा. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. आपला वाद कारागिरीचा नाही.

मग तो म्हणाला, "दोन वेगळे इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावतो, वजाबाकी स्क्रीन करेल. तुझ्याच धंद्यातलं उत्तर!" मला क्षणभर आनंद झाला. पण यात एक खोच आहे. समजा सेन्सर 0 ते 7 बारचा आहे आणि त्याची चूक पूर्ण मापाच्या 1 टक्का. म्हणजे 0.07 बार. एकाची चूक वर आणि दुसऱ्याची खाली गेली तर वजाबाकीत चूक झाली 0.14. आणि आपल्याला पकडायची खिडकी किती रुंद? 0.15 ते 0.35, म्हणजे 0.20. खिडकीच्या दोन तृतीयांशाहून जास्त जागा चुकीनेच खाल्ली. दोन मोठे आकडे मोजून छोटा फरक काढण्यापेक्षा फरकच थेट मोजणारा छोट्या मापाचा सेन्सर केव्हाही बरा. ज्यांनी दोन टाइमस्टॅम्प वजा करून मिलिसेकंद काढलेत त्यांना मी काय म्हणतोय ते पटेल.

इथपर्यंत तो निम्मा पटला होता. म्हणाला, "ठीक आहे, फरकाचंच गेज. रेग्युलेटरला एअरबॉक्सवरून नळी जातेच, तिलाच टी मारतो आणि गेजला तिथूनच दाब देतो. एक भोक वाचलं."

माझ्या मते सगळ्यात धोकादायक जागा ही आहे, आणि हे पान लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठी.

समजा ती नळी एअरबॉक्सच्या टोकाला निसटली. रेग्युलेटरला आता एअरबॉक्सचा दाब कळतच नाही. त्याला कळतो बाहेरच्या हवेचा. तो इमानदारीने पेट्रोल बाहेरच्या हवेपेक्षा 0.25 वर ठेवणार, म्हणजे 1.25 वर. उड्डाणाच्या वेळी एअरबॉक्स 1.35 वर. पेट्रोल उणे 0.10! इंजिन उपाशी. आणि गेज? गेजलाही त्याच निसटलेल्या नळीतून तीच बाहेरची हवा मिळतेय. ते मोजणार 1.25 वजा 1.00, आणि दाखवणार 0.25. अगदी मॅन्युअलबरहुकूम, काटा हिरव्याच्या ऐन मध्यावर. इंजिन मरतंय आणि गेज पैकीच्या पैकी मार्क देतंय.

म्हणजे ज्या एका बिघाडासाठी हे गेज हवं होतं, नेमका तोच त्याला कधी दिसणार नाही. गेजची नळी एअरबॉक्सवर वेगळ्या जागेवरून घेतली, तर तेच गेज उणे 0.10 दाखवेल, काटा शून्याच्या खाली आपटेल. आणि गेजचीच नळी निसटली तर? उड्डाणाच्या वेळी ते दाखवेल 0.60, कमाल मर्यादेच्या खूप वर. खोटंच, पण ओरडून सांगितलेलं खोटं. माणूस थांबतो, खाली उतरतो, बघतो. बिघडायचंच असेल तर काट्याने असं बिघडावं. (एअरबॉक्सला वाटेल तिथे ड्रिल मारायचं नाही हे ओघाने आलंच. मॅन्युअल जिथून जोड घ्यायला परवानगी देतं तिथूनच घ्यायचा.)

उलटं बोलणाऱ्या काट्यांचं आणखी एक उदाहरण हलक्या विमानांच्याच दुनियेतलं आहे. काँटिनेंटल कंपनीच्या इंजेक्शनवाल्या इंजिनांत पूर्वापार जे 'फ्युएल फ्लो' गेज असतं, ते आत खरं म्हणजे प्रेशर गेजच असतं. दाबावरून प्रवाह किती असेल ते डायलवर छापलेलं. एखादा नोझल कचऱ्याने तुंबला की त्या सिलिंडरला पेट्रोल कमी जातं, पण मागे दाब वाढतो, आणि काटा सांगतो प्रवाह वाढला! जाणते वैमानिक हे ओळखून असतात. आणि त्याच इंजिनांच्या टर्बो प्रकारात या गेजला दुसरी नळी द्यावीच लागते, टर्बोनंतरच्या हवेच्या दाबाची. म्हणजे 'कशापेक्षा' हा प्रश्न तिथे जुन्या लोकांनी सोडवून ठेवलाय.

आता परत सोनईला येऊ, कारण तुंबलेल्या नोझलचा हा प्रकार आमच्याकडचा प्रत्येक ठिबकवाला जाणतो. फिल्टरला दोन गेज असतात, एक पाणी आत येताना, एक बाहेर जाताना. दोघांतला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर तुंबला, बॅकवॉश करा. हा नियम ठिबकच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो. आणि शेतात फिरलात तर दोनातलं एक गेज बंद पडलेलं सर्रास दिसतं. "एक तर चालू आहे ना!" पण उरलेलं एक काही कामाचं नाही. उलट ते आतल्या बाजूचं असेल तर फसवतं. फिल्टर जितका तुंबेल तितका त्याचा काटा वर जातो, आणि बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, वा, आज प्रेशर जोरात आहे. शेवटच्या सरीतला ऊस मात्र सुकत असतो. गेजची किंमत पंपापुढे किरकोळ, तरी बदललं जात नाही, कारण पंप बंद पडला तर पाणी थांबतं, गेज बंद पडलं तर कोणाचं काही थांबत नाही. लगेच तरी नाही.

कोणी म्हणेल, विमानाची इंजिनं हा काय आपला विषय? आहे की. 914 हे इंजिन आपल्या देशी विमानातही बसलंय. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं हंसा-3, दोन सीटचं शिकाऊ विमान, 2000 साली प्रमाणित झालं, त्याला याच इंजिनाचा एफ3 प्रकार आहे. आणि आमच्या नगरात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. बाहेरच्यांना ती फक्त रणगाडे-गाड्यांची वाटते. पण 'निशांत' या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठी 55 हॉर्सपॉवरचं देशी वँकेल इंजिन झालं, त्यात गाभा एनएएलचा आणि इग्निशन नि इंधनाची व्यवस्था नगरच्या व्हीआरडीईची होती. एप्रिल 2009 मध्ये कोलारला ते इंजिन घेऊन निशांत उडालं. म्हणजे विमानाच्या इंजिनाला पेट्रोल किती दाबाने द्यायचं, हा प्रश्न सोनईपासून एसटीच्या अंतरावर अगदी गंभीरपणे सोडवला गेलाय.

हौशी माणसांचा मार्ग मात्र आपल्याकडे खडतर. अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, नोंदणी झाली 2017 मध्ये आणि उडवून बघायचा परवाना मिळाला 2019 मध्ये. इतका वेळ लागू नये असं मला वाटतं. पण एक गोष्ट सरकारी पद्धतीच्या बाजूने म्हणायलाच हवी. प्रमाणित विमानावर असं गेज लावायचं तर मंजूर ड्रॉइंग लागतं, परवानाधारक इंजिनियरची सही लागते. सही करणारा विचारतो, ही नळी कुठून घेतली? तो त्रासदायक प्रश्न विचारायला गॅरेजमध्ये कोणी नसतं. म्हणून तिथे तो आपल्यालाच विचारावा लागतो, किंवा दर शनिवारी फोन करणाऱ्या मित्राला.

आणि आता कबूल केल्याप्रमाणे आपला स्क्रीन.

आपण दिवसभर काटेच लावत असतो. रांगेत 1000 संदेश साठले की अलार्म. रात्री तीन वाजता 1000 म्हणजे काहीतरी मेलंय, दिवाळीच्या सेलला 1000 म्हणजे काहीच नाही. एकच पट्टा रंगवून ठेवला की तो रात्री चुकीचा आणि सेललाही चुकीचा. समोर किती येतंय त्यापेक्षा आपण किती उपसतोय, हा फरक दाखवा ना! पगारवाढ 8 टक्के मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्यांनीही शेजारी महागाईचा काटा लावून बघावा.

आणि टी मारलेली नळी तर आपल्या धंद्यात पावलोपावली. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनची एस3 ही साठवणुकीची सेवा काही तास कोलमडली. सगळं जग त्यांच्या हेल्थ डॅशबोर्डकडे बघत होतं, आणि तिथे बराच वेळ हिरवंच दिसत होतं. कारण तो डॅशबोर्ड बदलण्याची यंत्रणा त्याच एस3 वर अवलंबून होती. गेज आणि रेग्युलेटर एकाच नळीवर! जगातल्या हुशार माणसांच्या कंपनीत हे झालं, म्हणजे हा हुशारीचा प्रश्न नाही. एक भोक वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की काटा विकत घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. याचं शून्य कोणतं? ते शून्य याला कुठल्या नळीतून कळतं, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची तोच त्या नळीवर तर नाही ना? आणि हा काटा मेला तर कुठल्या आकड्यावर मरेल? तिसऱ्याचं उत्तर 'हिरव्यावर' असं आलं, तर तो काटा लावू नका. विमानावर नको, सर्व्हरवर नको, ठिबकवरही नको.

परवाच्या शनिवारची बातमी अशी, की टी मारायचा बेत त्याने रद्द केलाय. फरकाचा सेन्सर मात्र अजून मागवलेला नाही. "महाग आहे रे," म्हणतो. इंजिनाची किंमत मी त्याला विचारली नाही. पुढच्या शनिवारी विचारीन.